साडेतीनशे, मोपेड आणि दाजींची गाडी

मी मोटरसायकल शिकले ती लासलगावच्या कांदा मार्केटच्या आवारात. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसे. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, लिलावाचा पुकारा आणि त्यातून वाट काढणारे हमाल. पण अमावास्येला लिलाव बंद असत. त्या दिवशी ते एवढं मोठं आवार मोकळं पडे आणि वाऱ्याबरोबर कांद्याची सुकी टरफलं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत सुटत.

माझी थोरली बहीण लासलगावात दिली होती. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एका व्यापाऱ्याकडे कामाला होते. गावोगाव फिरून शेतावरच्या चाळीत साठवलेला कांदा बघायचा, सौदा ठरवायचा, माल भरून द्यायचा असं त्यांचं काम. त्यासाठी त्यांच्याकडे एकशेपंचाहत्तर सीसीची एक मोटरसायकल होती. खेड्यातले दूधवाले वापरत तीच, तीन गिअरची, जाड टायरची. मी सुट्टीत ताईकडे गेले होते. दाजी गाडी पुसत होते आणि मी बराच वेळ बघत उभी होते.

"काय मॅडम, चालवायची का?" ते म्हणाले. मी तेव्हा आयटीआयला होते, म्हणून ते मला थट्टेने मॅडम म्हणत.

मी हो म्हणाले. त्यांनी थट्टा केली होती, पण माघार घेतली नाही. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. ताईने मला तिचा जुना पंजाबी ड्रेस दिला आणि ती स्वतः मार्केटच्या ओट्यावर मुलाला घेऊन बसली. दाजी गाडीच्या बाजूने पळत होते आणि ओरडत होते, "क्लच सोड, हळू सोड, लय घाई नाय करायची." चार-पाच वेळा गाडी गचके खाऊन बंद पडली. मग एकदा ती पुढे गेली आणि थांबली नाही. दाजी मागे राहिले. मी टरफलांच्या ढिगातून गाडी घातली आणि ती सगळी माझ्या मागे उडाली.

नंतर सातपूरला एका कारखान्यात मला नोकरी लागली. तिथे मीटर बनत आणि मी ते बरोबर दाखवतात की नाही हे तपासण्याच्या विभागात होते. आम्ही राहायचो नाशिकरोडला, कॉलनीत. सकाळी बसने द्वारका चौकात यायचं, तिथे उतरून दुसऱ्या बसची वाट बघायची आणि मग सातपूर. बस भरून आली की थांबायची नाही. आम्ही बायका पदर कमरेला खोचून, डबा छातीशी धरून धावायचो.

त्या द्वारकेच्या स्टॉपवरच मला ती पहिल्यांदा दिसली. साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची, जपानी बनावटीची, जी तेव्हा नुकतीच आपल्याकडे बनू लागली होती. तिचं नाव मी लिहीत नाही. त्या काळात जे तरुण होते त्यांना ते सांगावं लागणार नाही. आधी आवाज आला. दुचाकीचा आवाज असा असतो हे मला माहीत नव्हतं. मग चौकातल्या गर्दीतून ती लाल टाकी आणि दोन्ही बाजूंचे दोन सायलेन्सर दिसले. पुढचा ट्रक हलला तशी ती जागेवरून निघाली आणि दिसेनाशी झाली. तेवढ्यात माझी बसही निघून गेली.

त्या दिवसापासून मी त्या गाडीच्या मागे लागले. वर्तमानपत्रात तिची जाहिरात आली ती कापून मी डब्याच्या पिशवीत ठेवली. कुणाची ती गाडी कारखान्याच्या रस्त्याला दिसली तर जेवणाच्या सुट्टीत बघायला जायची. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण हसायची. तिच्याकडे मोपेड होती. ती म्हणायची, "अगं, कामावर यायचंय ना? मग त्याला एवढं इंजिन कशाला?"

घरी मी हा विषय काढला तेव्हा आईने आप्पांकडे बघितलं. ती एरवीही आधी आप्पांचं ऐकून घ्यायची. आप्पा सरकारी कचेरीत लिपिक होते. सगळी नोकरी त्यांनी सायकलवर केली. मुलीने गाडी चालवू नये असं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. आम्हा दोघी बहिणींना त्यांनीच सायकल शिकवली होती, तीही कॉलनीतल्या लोकांच्या देखत. पण त्यांचं डोकं हिशेबी होतं.

"मोपेड घे," ते म्हणाले. "पेट्रोल कमी पिते, बिघडली तर कुठेही दुरुस्त होते, आणि पैसे तुझ्याकडे आज आहेत."

"मोपेड मला नको आप्पा."

"का नको? चालवून बघितलीस का?"

हे मात्र खरं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीची मोपेड मागून घेतली. सपाट रस्त्यावर ती बिचारी बरी चालली. पण चढ आला तशी दमायला लागली आणि मला सायकलसारखं पायडल मारावं लागलं. पाठीमागून आलेला एक सायकलवाला मला ओलांडून गेला. मी घरी येऊन ते सांगितलं तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली. आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "ठीक आहे. मग ती दुसरी बघून येऊ."

रविवारी आम्ही शोरूममध्ये गेलो. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी काचेच्या मागे उभी होती. विक्रेता तरुण होता, गोड बोलणारा, आणि जे काही सांगायचं ते आप्पांना सांगत होता. सहा गिअर आहेत, ऑइल वेगळं घालायचं, ते आपोआप मिसळतं, वेग अमुक आहे. मी काही विचारलं की उत्तरही आप्पांकडे बघून द्यायचा. शेवटी त्याने विचारलं, "मुलासाठी घेताय का काका?"

"घेणारी ही आहे," आप्पा म्हणाले. "तिच्याशी बोला."

मग मी म्हणाले की मला चालवून बघायची आहे. आता त्याची अडचण झाली. तो आत जाऊन मालकांना विचारून आला. मालक स्वतः बाहेर आले. चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, लायसन्स आहे का?" मी काढून दाखवलं. ते त्यांनी उलटसुलट करून बघितलं. "लायसन्स आहे, पण ही गाडी वेगळी आहे. काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"माझी," आप्पा म्हणाले. "मीच मागे बसतो तिच्या."

आप्पा तोपर्यंत कुठल्याच मोटरसायकलवर बसलेले नव्हते. मला हे माहीत होतं, मालकांना नव्हतं. त्यांनी चाव्या दिल्या. आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला, पँटचे पायचे मोज्यात खोचले आणि सायकलच्या कॅरिअरवर बसावं तसे एका बाजूने बसायला लागले. विक्रेत्याने त्यांना दोन्हीकडे पाय टाकून बसवलं. त्यांचे हात माझ्या खांद्यांवर आले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या खांद्यावर असे हात ठेवले नव्हते.

मी त्र्यंबक रस्त्याला गाडी घातली. तेव्हा तो रस्ता आजच्यासारखा नव्हता. सातपूर मागे पडलं की दोन्हीकडे झाडं आणि द्राक्षांचे मांडव. पहिले दोन गिअर मी जपून टाकले. गाडी अगदी शहाण्यासारखी चालत होती. मला वाटलं, एवढं नाव आहे ते हेच का? मग मोकळा रस्ता दिसला आणि मी मूठ आणखी पिळली. इंजिनाचा आवाज एकदम बदलला आणि गाडीने अशी उसळी घेतली की माझे हात ताणले गेले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. झाडं बाजूने सरकत नव्हती, फेकल्यासारखी मागे जात होती. आप्पांची बोटं माझ्या खांद्यांत रुतली. मी घाबरून मूठ सोडली आणि वेग उतरवला.

"काय झालं?" त्यांनी मागून विचारलं.

"तुम्ही घाबरलात का?"

"घाबरलो," आप्पा म्हणाले. "पण तू हळू करू नकोस. मी धरलंय."

मी परत वेग घेतला. परतताना एका मांडवाजवळ मी गाडी थांबवली आणि आप्पा उतरून जरा वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्यांचे केस उभे झाले होते. त्यांनी चष्मा घातला, गाडीच्या भोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "घे."

"काय?"

"हीच घे. मोपेडचं मी बोललो ते सोडून दे. दोन वर्षं थांबू, मीही हातभार लावतो. पण हीच घे."

आता मी ज्या गोष्टीसाठी महिनोन्‌महिने हट्ट धरला होता ती मला समोरून दिली जात होती. मी तिथेच हो म्हणायला हवं होतं. पण मी गाडीला किक मारली. गाडी परत केली, मालकांचे आभार मानले, बसने घरी आलो. मधल्या स्टॉपवर बस खूप वेळ उभी राहिली. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. दोन वर्षं. दोन वर्षं रोज द्वारकेला उतरायचं, धावायचं, दांडीला लटकायचं आणि पिशवीतल्या जाहिरातीकडे बघायचं. आणि घेतल्यावर पुढे पेट्रोलच्या भीतीने ती घरात झाकून ठेवायची, रविवारी काढायची. मघाशी त्या रस्त्यावर मला जे झालं होतं ते गाडी माझी होती म्हणून झालं नव्हतं. ती तर शोरूमची होती. मी चालवत होते म्हणून झालं होतं.

रात्री जेवताना मी सांगितलं, "आप्पा, ती नको."

त्यांनी घास खाली ठेवला. "पैशांमुळे म्हणत असशील तर—"

"पैशांमुळेच. पण तुम्ही समजता तसं नाही. मला दोन वर्षं थांबायचं नाहीये. मला उद्यापासून चालवायची आहे."

"म्हणजे मोपेड?"

"मोपेडही नको."

"मग काय विमान?" आई पहिल्यांदा बोलली.

आप्पा नाराज झाले. ते दोन-तीन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होते. मला आधी वाटलं की आपण त्यांचं ऐकलं नाही म्हणून रागावले. मग लक्षात आलं, त्यांना स्वतःला ती गाडी मनापासून आवडली होती.

पुढच्या महिन्यात मी लासलगावला गेले. दाजींच्या मालकांनी जीप घेतली होती आणि ती दाजींच्या ताब्यात दिली होती. त्यांची जुनी मोटरसायकल ओसरीत उभी होती, सीटवर कोंबडी बसली होती. मी ताईला सगळी हकीकत सांगितली. दाजी हात धूत होते, त्यांनी तिथूनच ऐकलं.

"ही ने की मग," ते म्हणाले.

"दाजी, थट्टा नका करू."

"थट्टा नाय. लय इमानदार गाडी हाय. चिखलात घाल, वाळूत घाल. पळणार नाय फार, पण घरी आणून सोडंल. पैशाचं तुझ्या ताईशी बोल, मला त्यात घेऊ नको."

ताईने जो आकडा सांगितला तो मोपेडपेक्षाही कमी होता. मी कोंबडी उठवली आणि गाडीवर बसले. टाकीचा रंग गेला होता, सीट फाटलं होतं, आणि सगळ्या गाडीला कांद्याचा वास होता. पण पाय जमिनीला नीट टेकत होते आणि दुसऱ्या किकला ती सुरू झाली.

दाजी म्हणाले मी नाशिकला आणून देतो. मी नको म्हणाले. ताईने ओढणी कमरेला घट्ट बांधून दिली आणि पिशवीत दशम्या घातल्या. लासलगाव ते नाशिकरोड एवढं अंतर मी एकटी कधीच गेले नव्हते, बसनेसुद्धा नाही, कायम कुणीतरी सोबत असायचं. निफाडपर्यंत सगळं ठीक झालं. निफाड सोडल्यावर उसाच्या रस्त्याला गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. किक मारून मारून पाय दुखायला लागला. मग मी स्वतःला म्हटलं, तू रोज कारखान्यात काय करतेस? का बंद पडलं ते आधी बघ. प्लग काढला. तेलाने काळाकुट्ट झाला होता. दाजींनी सीटखाली पान्हा आणि पॉलिशपेपरचा तुकडा ठेवला होता. मी रस्त्याच्या कडेला बसून प्लग घासायला लागले.

एक ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत बायका होत्या, शेतावरून परतत असाव्यात. त्यातली एक पुढे वाकून म्हणाली, "मालक कुठं गेले?"

"गाडीचे?" मी विचारलं.

"तुजे."

ट्रॉलीतल्या सगळ्या हसल्या, मीही हसले. "अजून नाहीत," मी म्हणाले. "गाडीची मालक मीच आहे."

"चालवती कोण मग?"

"मीच."

ती बाई खाली उतरली. माझ्या काळ्या हातांकडे, मग प्लगकडे बघत उभी राहिली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "चला, उशीर होतोय." ती म्हणाली, "थांब जरा, ही चालू करती का बघू दे." प्लग बसवला, वायर लावली, किक मारली. पहिल्याला काही नाही. दुसऱ्याला धूर. तिसऱ्याला गाडी सुरू झाली आणि ट्रॉलीतल्या बायकांनी एवढा गलका केला की उसातले पक्षी उडाले. ती बाई म्हणाली, "जा आता, नीट जा," अगदी लेकीला म्हणावं तसं.

घरी पोचले तेव्हा माझ्या तोंडावर काळे पट्टे होते. आप्पा अंगणात उभे होते. त्यांनी गाडी खालीवर बघितली. फाटलेल्या सीटमधून बाहेर आलेला काथ्या बोटाने आत ढकलला आणि विचारलं, "कुठे बंद पडली का?"

"निफाडच्या पुढे."

"मग?"

"मग चालू केली."

त्यांनी मान हलवली आणि ते आत गेले. थोड्या वेळाने सुई, दाभण आणि त्यांच्या जुन्या ऑफिसबॅगेचं कातडं घेऊन बाहेर आले. सीट त्यांनी स्वतः शिवलं. टाकीला मी कारखान्यातल्या एका रंगाऱ्याकडून निळा रंग मारून घेतला. कांद्याचा वास मात्र पावसाळ्यापर्यंत गेला नाही.

दुसऱ्या सोमवारी मी सातपूरला गेटवर गाडी घेऊन गेले तेव्हा वॉचमन म्हणाला, "कुणाची आणलीत ताई?" आणि मग लाजून त्याने मोटरसायकलच्या रांगेत जागा करून दिली. मोपेडवाली मैत्रीण जेवणाच्या सुट्टीत येऊन बघून गेली. म्हणाली, "आवाज दळणाच्या गिरणीसारखा आहे." खोटं नव्हतं ते. पण चढावर मी तिला ओलांडून जायचे. नंतर कितीतरी संध्याकाळी तिच्या मोपेडला दोर बांधून मी तिला घरी ओढत नेलं.

त्या गाडीने मला पुष्कळ ठिकाणी नेलं. वणीला, सिन्नरला, इगतपुरीच्या घाटात धुक्यात. गंगापूर धरणावर मी कामावरून सुटल्यावर एकटी जाऊन बसायचे, नुसती. बस होती तेव्हा असं कुठे जाऊन बसता येतं हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. साडेतीनशे दिसली की मी अजूनही वळून बघायचे. बघायचे आणि माझ्या गाडीला किक मारायचे.

आप्पा निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मी अंगणात गाडी पुसत होते. ते येऊन शेजारी उभे राहिले.

"माझं वय झालं का गं ह्याला?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं.

पुढचे काही रविवार आम्ही कॉलनीजवळच्या बुद्धविहाराच्या मागच्या मैदानावर गेलो. मी बाजूने पळायचे, क्लच हळू सोडा म्हणून ओरडायचे. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी त्यांच्यासाठी मैदानाचा एक कोपरा सोडून दिला होता. आप्पा एकदा पडले, गुडघा सोलवटला, आणि घरी जाताना म्हणाले, आईला सांगू नकोस. आईला अर्थातच कळलं. तिने हळद लावली. मग लायसन्स आलं, ते त्यांनी सगळ्या कॉलनीला दाखवलं.

एका सकाळी ते तयार होऊन बाहेर आले, मागून आई नवं लुगडं नेसून. देवळाली गावात मावशी राहायची, तिच्याकडे दोघं गाडीवर निघाले होते. मी सोबत येते म्हणाले, तर आप्पा म्हणाले, "तिघं कुठे बसणार?" आई एका बाजूने बसली, एक हात त्यांच्या कमरेभोवती, दुसऱ्या हातात मावशीसाठी बांधलेली पुरणपोळी. गाडी कॉलनीच्या कोपऱ्यावर वळली. मी फाटकातून आत गेले, परत बाहेर आले, भाजी निवडायला घेतली ती अर्धीच राहिली. चहा दोनदा केला.

ऊन उतरल्यावर तो गिरणीचा आवाज ऐकू आला. हँडलला मेथीच्या जुड्या लटकत होत्या. आप्पांनी गाडी स्टँडला लावली, रुमालाने टाकी पुसली आणि काहीच विशेष नसल्यासारखे आत गेले. आई अजून फाटकात उभी होती, केस सारखे करत.

"कसं वाटलं गं?" मी विचारलं.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "पण ह्यांनी तिसरा गिअर टाकलाच नाही. पुढच्या वेळी तू ने मला."